नणंदेचं लग्न आणि नवी विंडोज

माझ्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडायला हुंडा, मानपान, कुंडली यांपैकी काहीही लागलं नाही. एक कॉम्प्युटर पुरला. (म्हणजे अगदी मोडलं नाही, मोडता मोडता राहिलं. पण राहिलं त्यात माझं कर्तृत्व शून्य!)

तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपीचं काम करायची. नव्वदीतले दिवस. दारावर 'मराठी डीटीपी' असा बोर्ड लावला, तर पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक बाई तान्हं बाळ घेऊन आली आणि म्हणाली, "ट्रिपलचं इंजेक्शन इथंच देत्यात न्हवं?" तिला समजावून परत पाठवलं. पुढं मात्र कामं मिळू लागली. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, निवडणुकीची पत्रकं. माझा कॉम्प्युटर जुना होता, त्यावरची सिस्टीम त्याहून जुनी होती आणि मराठी अक्षरं जरा सुजल्यासारखी यायची. पण यायची! जे टाइप करीन तेच छापून यायचं. हे केवढं मोठं सुख असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

जयमालाचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, लग्न साताऱ्याच्या विजयशी ठरलं. मुलाचं मलकापूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन साताऱ्यात गोडोलीला राहिलेले. बैठकीत पत्रिकेचा विषय निघाल्यावर माझे सासरे छाती फुगवून म्हणाले, "दोन्हीकडची पत्रिका आम्हीच छापू. घरचा कॉम्प्युटर आहे!" सुभेदारांनी मान डोलावली. त्यांनी बघितलेला हा पहिलाच कॉम्प्युटरवाला व्याही.

मी पत्रिका जुळवली. आमच्या आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, प्रूफ तपासलं. आप्पा कोर्टातून निवृत्त झालेले. प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून वाचायचे आणि स्वल्पविरामाला साक्षीदारासारखे उलटे प्रश्न विचारायचे. त्यांनी 'मंजूर' असं लिहून सही केली. आता फक्त कागद काढायचा आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे द्यायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात पुण्याहून नंदूभावजी आले.

नंदूभावजी म्हणजे ह्यांचा मावसभाऊ. पुण्यात कॉम्प्युटरच्या क्लासला शिकवायचे. चहाचा कप हातात घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले आणि आजाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलं.

"वहिनी, तुम्ही अजून ह्यावर काम करता?"

"का? काय झालं?"

"काही नाही. चालतंय ना?"

"चालतंय की!"

"चालू दे मग," म्हणून त्यांनी असा काही सुस्कारा सोडला, की मला माझ्याच कॉम्प्युटरची लाज वाटायला लागली. दुसरा कप होईपर्यंत कळलं, की जगात नवी विंडोज आलेली आहे, पुण्यात पोरंटोरंसुद्धा तीच वापरतात आणि तिच्यावर पत्रिका छापली तर अक्षरं मोत्यासारखी येतात. फ्लॉप्या त्यांच्या बॅगेतच होत्या!

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"अर्धा तास. जेवायच्या आत."

(कुठल्या दिवसाच्या जेवायच्या आत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.)

फ्लॉप्यांची चळत बघून आप्पांना वाटलं, रुखवतात मांडायच्या आहेत. नंदूभावजी एक आत घालायचे. कॉम्प्युटर दळण दळल्यासारखा घरघरायचा आणि पडद्यावर सूचना यायची, की पुढची घाला. पुढची घातली की त्याच्या पुढची. शेवटाजवळ आलो आणि लाइट गेले. लाइट आले तेव्हा कॉम्प्युटरला काहीच आठवत नव्हतं. पुन्हा पहिलीपासून. दुसऱ्या खेपेला मधली एक फ्लॉपी वाचता येईना. नंदूभावजींनी ती काढली, फुंकर मारली, पदराला पुसायला माझ्याकडे दिली, परत घातली. आमचे हे ऑफिसातून आले, कपडे बदलून जेवले, झोपून उठून परत ऑफिसला गेले, तरी आमची जेवायची वेळ झालेली नव्हती.

शेवटी एकदाचं वाद्य वाजलं आणि नवी सिस्टीम उघडली. निळंभोर आभाळ, ढग वगैरे! सगळं घर गोळा झालं. आप्पांनी चष्मा लावून पडद्यावरचं पहिलंच चित्र वाचलं, "माय कॉम्प्युटर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे हा आता आपला राहिला नाही का?"

मी म्हटलं, आधी पत्रिका उघडू. उघडली. उघडल्यावर तोंडाला पाणी मारायची वेळ आली. मराठीचा पत्ता नाही! जिथं श्री गणेशाय नमः होतं तिथं टोप्या घातलेली, कानात डूल घातलेली, खालून शेपट्या फुटलेली इंग्रजी अक्षरं. जयमालाच्या नावाच्या जागी एक उलटं प्रश्नचिन्ह आणि बाजूला पौंडाची खूण.

"भावजी, हे काय?"

"फॉन्ट ओळखत नाहीय."

"कुणाला?"

"सिस्टीम फॉन्टला. का फॉन्ट सिस्टीमला..." नंदूभावजी विचारात पडले. "त्यांची ओळख करून द्यायला पाहिजे."

त्यांनी ओळख करून द्यायचा प्रयत्न केला. जुना फॉन्ट आत घालताक्षणी पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. आप्पा मागेच उभे होते. त्यांनी ती मोठ्यांदा वाचली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं, की इथं बेकायदेशीर कृत्य झालेलं आहे आणि म्हणून हे बंद करण्यात येत आहे.

"उभी हयात कोर्टात गेली माझी," आप्पा म्हणाले, "आणि माझ्या घरात बेकायदेशीर कृत्य? सूनबाई, ते दार लावून घे आधी!"

"आप्पा, तसं नसतं ते! ते उगाच म्हणतं," नंदूभावजी म्हणाले.

"उगाच? लेखी आहे ते!"

मी दार लावलं. (का लावलं, देव जाणे. पण त्या दिवसांत मला जो काही सांगेल ते मी करत होते.) मग बंद करायचं ठरलं, तर बंद करायला 'स्टार्ट' दाबायचं निघालं. तेव्हा आप्पा सरळ देवघरात जाऊन बसले.

असं दोन-तीन दिवस चाललं. इकडे हॉल ठरलेला, तारीख जवळ आलेली, साताऱ्याहून रोज निरोप, "पत्रिका कवा धाडताय?" शेवटी नंदूभावजी मिरजेच्या एका मित्राकडून दुसराच मराठी फॉन्ट फ्लॉपीत घालून घेऊन आले. त्यांनी पत्रिका उघडली, सगळा मजकूर निवडला, एक बटण दाबलं आणि काय सांगू! टोप्या गेल्या, शेपट्या गेल्या, पडद्यावर मराठी आली! खरंच मोत्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी नंदूभावजींना मिठी मारली. आप्पांनी देवघरातून येऊन पडद्याला नमस्कार केला.

आणि मग आम्ही पत्रिका नीट तपासली. म्हणजे प्रत्येकाने आपापलं नाव तपासलं! आप्पांनी 'वामनराव' बघितलं, बरोबर. ह्यांनी 'सुधाकर' बघितलं, बरोबर. मी माझं 'सौ. सुमन' दोनदा बघितलं, फारच सुरेख. नंदूभावजींचं नाव आधी नव्हतंच, ते 'आपले विनीत'मध्ये घातलं, तेही बरोबर. जयमाला साड्यांसाठी कोल्हापूरला मावशीकडे गेलेली आणि विजय मलकापूरला, त्यामुळे त्यांची नावं बघायला कुणीच नव्हतं. बाकीचं प्रूफ आप्पांनी आधीच मंजूर केलेलं, सहीनिशी! लगोलग मी कागद काढला आणि प्रिंटिंगवाल्याकडे दिला. पत्रिका छापून आल्या. साताऱ्याचा गठ्ठा एसटीने पार्सल केला, आमच्या लोकांच्या पोस्टात टाकल्या. नंदूभावजी विजयी मुद्रेनं पुण्याला गेले.

दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला.

"हॅलो, सांगली का? मी सुभेदार बोलतोय, गोडोलीतनं."

"नमस्कार सुभेदारसाहेब! पत्रिका मिळाल्या का?"

"मिळाल्या. निम्म्या वाटल्याबी. वैनी, येक इचारायचं हुतं. आमी जायाचं कुटं?"

मला वाटलं, पत्ता विचारताहेत. "विश्रामबागेत कार्यालय आहे. स्टँडवरून रिक्षा मिळते."

"त्ये ठावं हाय वो. पर आमी यायाचं का जायाचं?"

"म्हणजे? आधी यायचं, मग जायचं!"

"तुमी तर निस्तंच जावा म्हनताय."

"अहो, जेवूनखाऊन जायचं! लगेच कोण सोडतंय तुम्हाला?"

 पलीकडून "बरं हाय" एवढंच ऐकू आलं आणि फोन ठेवल्याचा आवाज. माझा पार गोंधळ उडाला. ह्यांना म्हटलं, "सुभेदारांची तब्येत बरी नाही वाटतं. यायचं का जायचं, असं काहीतरी विचारत होते."

दुपारी जयमाला कोल्हापूरहून आली. पिशव्या खाली ठेवायच्या आत तिनं पत्रिका उचलली आणि कॉटवर बसलीच.

"वहिनी, ही यजमाला कोण?"

"कोण यजमाला?"

"हिचं लग्न आहे ना! चि. सौ. कां. यजमाला. आणि नवऱ्याचं नाव वियज!"

मी पत्रिका हिसकावून घेतली. वाचली. पुन्हा वाचली. मिरजेच्या त्या मोत्यासारख्या फॉन्टात 'ज'च्या घरात 'य' राहत होता आणि 'य'च्या घरात 'ज'! सगळ्या पत्रिकेत दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या होत्या. विवाह 'जोयिला' होता, मंगल 'कार्जालजात' होता, लग्नानंतर लगेच 'भोयन' होतं. आणि सगळ्यात खाली, वेलबुट्टीच्या चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं होतं :

'तरी आपण सहकुटुंब अगत्जाने जावे!'

आता मला फोन कळला. आप्पांनी फूटपट्टी मागितली, ती कुणी दिली नाही. जयमाला रडायला लागली. हे म्हणाले, "आत्ताच्या आत्ता साताऱ्याला जाऊ. समोरासमोर समजावून सांगू. मी बोलतो." (ह्यांचं हे 'मी बोलतो' म्हणजे आमच्या संसारातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य. पण मला त्यावेळी कसलंच भान नव्हतं.) भडंगाची पुडी घेतली आणि कराडमार्गे साताऱ्याची एसटी धरली. सबंध वाटेत हे पुटपुटत होते, काय बोलायचं त्याची तयारी करत होते.

सुभेदार ओसरीवर ताठ बसले होते. मिशा नेहमीपेक्षा टोकदार. शेजारी भावकीतले दोघं-तिघं पत्रिका धरून बसलेले. विहीणबाईंनी बाहेर येऊन पाणी दिलं, पाठोपाठ कंदी पेढ्यांची ताटली आणि माझ्या हातात काही न ठेवता एक पेढा सरळ माझ्या तोंडातच घातला. साताऱ्याचा पेढा, तोही अख्खा! माझं बोलणं तिथंच बंद झालं आणि मैदान ह्यांच्या हाती गेलं.

"आमची हयात फौजेत गेली," सुभेदार म्हणाले. "बोलावून घ्यायचं आन् आल्याबरूबर डिसमिस म्हनायचं, असं आमी कुटं बगितलं न्हाई. काय झालंय त्ये सरळ सांगा."

"रागावू नका सुभेदारसाहेब," हे म्हणाले. "आमच्याकडे अपग्रेड झालं, त्याचा हा सगळा घोळ."

"म्हंजे वो काय?"

"म्हणजे असं बघा. जुनं होतं ते चांगलंच होतं. आमची काही तक्रार नव्हती. साधं होतं, ऐकणारं होतं. पण बाजारात त्याच्यापेक्षा चांगलं आलंय म्हणून कळलं. मग म्हटलं, लग्नाच्या आधीच जुनं काढून नवं आणावं."

 आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. (मलकापूरहून धावत आलेला विजय दाराआड उभा होता. त्याच्या हातातला चहाचा ट्रे होता तो.) मी पेढा गिळायचा जिवापाड प्रयत्न करत हातवारे करत होते. ह्यांना वाटलं, मी शाबासकी देतेय!

"आन् ह्ये कुनी सुचिवलं?" सुभेदारांचा आवाज एकदम खाली आला होता.

"पुण्याच्या भावानं. तो म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही, आत्ताच बदला. सगळे बदलताहेत."

"सगळं बदलत्यात? आन् नव्याचं नाव काय?"

"विंडोज."

"कुटला म्हनायचा ह्यो?"

"अमेरिकेचा."

"आयला! अमेरिकेचा!" भावकीतले एक बाबा म्हणाले. "आप्ल्या इज्याचं दुकान मलकापुरात. कसा पुरा पडंल त्यो?"

"म्हनून आमाला जावा म्हनून छापलं व्हय!" सुभेदार उठून उभे राहिले. "गड्यांनो, ह्येंनी दुसरा जावई बगितला! आवं, बगितला तर बगितला, तोंडावर सांगायचं हुतं. पत्रिकेत छापून गावभर वाटायला आमच्याच हातात दिलंसा?"

आता ह्यांना कळलं, आपण काय बोललो ते. कळल्यावर माणूस गप्प तरी बसतो. हे म्हणाले, "नाही हो, जावई तोच आहे! फक्त त्याचं नाव बदललंय!"

तोवर पेढा खाली उतरला. मी जोरात ओरडले, "कॉम्प्युटर! कॉम्प्युटर बदलला आम्ही! जावई नाही!" आणि भावकीच्या हातातली पत्रिका घेऊन बोट ठेवून ठेवून वाचून दाखवायला लागले. हा 'ज', इथं 'य' हवा. हा 'य', इथं 'ज' हवा. पण घाबरल्यामुळे माझीही जीभ वळेना. "यावे म्हणजे जावे, आणि जावे म्हणजे यावे," इथवर मी आले, तेव्हा समोरच्या सगळ्यांचे चेहरे माझ्या पडद्यावरच्या त्या टोप्यावाल्या अक्षरांसारखे दिसत होते.

तेवढ्यात विहीणबाई दारातून म्हणाल्या, "म्हंजे त्ये भोयन न्हाई का मग?"

"काय?"

"लगीन झाल्यावर लगेच भोयन, असं लिवलंय न्हवं? मला वाटलं, सांगलीकडं काय तरी गोड करत्यात तसलं. मी आळीत सगळ्या बायकांस्नी सांगून ठिवलंय, सांगलीचं भोयन खायाला चला म्हनून!"

"भोजन आहे हो ते," मी म्हटलं. "साधं भोजन. वरणभात."

विहीणबाईंनी पत्रिका माझ्या हातून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि ओठातल्या ओठात अक्षरं फिरवून बघितली. भोयन, भोजन. जावे, यावे. वियज, विजय. आणि एकाएकी पदर तोंडाला लावून त्या अशा हसत सुटल्या, की त्यांना धरून बसवावं लागलं. "आवं, इज्याचा वियज झालाय! ऐका तरी!" म्हणत त्यांनी सगळी पत्रिका वाचून दाखवली. 'कार्जालज'पाशी भावकीतल्या बाबांना ठसका लागला. सुभेदारांच्या मिशा आधी हलल्या, मग पोट हललं आणि मग ते खुर्चीत बसून डोळे पुसायला लागले. दाराआडून विजय बाहेर आला. त्याच्या सदऱ्यावर सगळा चहा सांडलेला, तरी चेहऱ्यावर जीव आला होता. त्यानं हळूच मला विचारलं, "वैनी, जयमाला कशी हाय?" मी म्हटलं, "रडतेय." तर बिचारा खूश झाला!

सुभेदारांनी फर्मान काढलं, की दुसऱ्या पत्रिका छापायच्या नाहीत. "त्या कॉम्प्युटरला परत हात लावू नगा. अजून काय काढंल बाहीर, नेम न्हाई. आमी तोंडानं आमंत्रण करतो. लय चालतं त्ये." आणि खरंच त्यांनी गोडोलीत दारोदार जाऊन आमंत्रण केलं. जाऊ नका, या, एवढंच म्हणायचे म्हणे.

लग्न छान झालं. अपेक्षेपेक्षा दुप्पट माणूस आलं, कारण साताऱ्याच्या निम्म्या बायका भोयन बघायला आल्या होत्या. आचाऱ्याला सांगून गव्हाच्या खिरीलाच ते नाव द्यावं लागलं. जयमालानं उखाणा घेतला, 'पत्रिकेत झाली अक्षरांची अदलाबदल, वियजरावांचं नाव घेते, आता नाही होणार बदल!' आणि मांडवात टाळ्या पडल्या. नंदूभावजी दुसऱ्या पंगतीत तोंड लपवून जेवत होते.

मी मात्र सगळा वेळ खांबाच्या आडोशानं वावरत होते. ज्याच्या त्याच्या हातात ती पत्रिका! जो तो वाचून हसायचा आणि मग इकडेतिकडे मला शोधायचा. तेवढ्यात कुंडलहून आलेले, आप्पांचे चुलतभाऊ, म्हातारे तात्या, काठी टेकत टेकत माझ्यापर्यंत आले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सूनबाई, पत्रिका तू केलीस व्हय? लय झ्याक! इतकी देखनी पत्रिका आपल्या घराण्यात कवा झाली न्हाई. कुटं बोट ठेवायला जागा न्हाई!"

माझा ऊर भरून आला. म्हटलं, एक तरी रसिक भेटला. वाकून पाया पडले आणि विचारलं, "तात्या, तुम्हाला त्यातलं सगळ्यात काय आवडलं?"

"आगं, त्यो गनपती," तात्या म्हणाले. "मोतीबिंदूपासनं मला अक्षर तेवढं दिसत न्हाई."